ईदचे कार्ड घरीच बनवा: फोटो आपला, भाषा आपली आणि संगणकही आपलाच

चाँद दिसल्याची खबर आली की पाच मिनिटांत मोबाईलवर 'ईद मुबारक'चा पाऊस सुरू होतो. तोच सोनेरी चंद्र, तोच कंदील, तेच चमकणारे घुमट. एकच चित्र दहा नातेवाईकांकडून येते आणि आपणही त्यातलेच एक उचलून पुढे ढकलतो. पाठवणाऱ्याचे मन चांगलेच असते, त्यात वाद नाही. पण चार दिवसांनी फोन भरला म्हणून सगळे एकदम पुसले जाते. त्यात फुफूने पाठवलेले कोणते आणि दुकानदाराच्या जाहिरातीचे कोणते, हे बघायलाही कोणी थांबत नाही.

कागदाच्या कार्डाचे तसे होत नाही. ज्यांच्या घरी जुनी पेटी किंवा अल्बम आहे, त्यांनी उघडून पाहावे. बहुधा एखादे ईद कार्ड सापडेलच, मागे कोणाची तरी सही असलेले.

आपल्या नवी मुंबईत तर याची गरज जास्त आहे. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि खाडीपलीकडे हे शहर वसू लागले. पनवेल, तळोजे, उरण या भागांत आपली जुनी कुटुंबे आधीपासून आहेतच. पण वाशी, नेरूळ, कोपरखैरणे, खारघर इथे राहणारे बरेच जण रत्नागिरी-रायगडहून, मराठवाड्यातून, नाहीतर मुंबईतल्या चाळी सोडून आलेले. दादी गावाला, मोठा मुलगा दोहाला, नणंद पुण्याला आणि आपण इथे सातव्या मजल्यावर. अशा घरातून निघालेल्या कार्डावर आपल्याच माणसांचा फोटो असेल, आत मुलांचे अक्षर असेल, तर ते पाहणाऱ्याला काय वाटेल ते वेगळे सांगायला नको.

म्हणून या लेखात आम्ही घरच्या संगणकावर फुकट मिळणारे सॉफ्टवेअर वापरून फोटोचे ईद कार्ड कसे करायचे ते सुरुवातीपासून सांगणार आहोत. एक गोष्ट मात्र पहिल्यापासून धरून चालू: शुभेच्छा घराबाहेर जावी, पण घरातला फोटो आपल्या हाताबाहेर जाऊ नये.

ईद कार्ड आपल्याकडे आले कुठून?

ईद कार्ड ही काल-परवाची टूम नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वे आणि टपाल दूरवर पोहोचले, छपाई स्वस्त झाली आणि हिंदुस्थानातल्या मुस्लिम घरांत ईदचे कार्ड पाठवायची पद्धत सुरू झाली. सुरुवातीला युरोपात छापलेली कार्डे आणून त्यांवर उर्दूत 'ईद मुबारक' छापले जाई. मग इथलेच छापखाने पुढे आले. लाहोरचे हाफिज कमरुद्दीन अँड सन्स, दिल्लीचे महबूब-उल-मताबे आणि आपल्या मुंबईतले ईस्टर्न कमर्शियल एजन्सी, बोल्टन फाइन आर्ट लिथोग्राफर ही त्या काळच्या ईद कार्ड छापणाऱ्यांतली नावे. म्हणजे या धंद्यात मुंबईचा वाटा पहिल्यापासून आहे.

अनेक घरांत पाकीट न चिकटवता त्यावर 'बुक-पोस्ट' लिहून ही कार्डे पाठवली जात. पुढे एसएमएस आला, मग व्हॉट्सअॅप, आणि दुकानांतली कार्डे कमी कमी होत गेली. आजही जी मिळतात ती बहुतेक उर्दूत किंवा इंग्रजीत. मराठीत ईदची शुभेच्छा छापलेले कार्ड शोधायला गेलात तर चप्पल झिजेल. आपण घरात मराठी किंवा कोकणी बोलतो, मुले मराठीत शिकतात, सोसायटीतले शेजारी मराठी वाचतात. तेव्हा मराठी कार्ड हवे असेल तर ते आपणच करावे लागेल.

फोटो कुठे चढवतो आहोत, ते आधी बघा

फुकटात कार्ड करून देणारी अॅप आणि वेबसाइट पुष्कळ आहेत. फोटो चढवा, चौकट निवडा, कार्ड तयार. सोपे आहे, मान्य. पण तो फोटो त्या क्षणी दुसऱ्याच्या संगणकावर गेलेला असतो. तिथे तो किती दिवस राहतो आणि कशासाठी वापरला जातो, हे त्यांच्या अटींच्या लांबलचक पानांत लिहिलेले असते आणि ती पाने कोणी वाचत नाही. मार्च २०२५ मध्ये कार्टूनसारखी 'घिबली' चित्रे करून घेण्याची लाट आली, तेव्हा कितीतरी घरांनी लहान मुलांचे फोटो असेच चढवले.

आपल्या समाजाला याची झळ आधीच लागलेली आहे. जुलै २०२१ मध्ये आणि पुन्हा १ जानेवारी २०२२ रोजी मुस्लिम महिलांचे फोटो सोशल मीडियावरून उचलून त्यांचा 'लिलाव' मांडण्याचा घाणेरडा प्रकार दोन अॅपवर झाला. दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने गुन्हा नोंदवून आरोपींना अटक केली. त्या महिलांनी काहीही चूक केलेली नव्हती. फोटो टाकणे हा गुन्हा नाही, चोरणे हा आहे. तरीही आपला दरवाजा आपण लावून घ्यायचा तर कार्डासारख्या घरगुती कामासाठी इंटरनेटवर फोटो चढवण्याची गरज काय? संगणकावरच चालणारे सॉफ्टवेअर घेतले की इंटरनेट बंद ठेवूनही सगळे काम होते.

असे एक सॉफ्टवेअर म्हणजे गिंप. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी, स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस यांनी, ते सुरू केले. आज जगभरचे स्वयंसेवक ते सांभाळतात. ते पूर्ण मोफत आहे, चोरीची प्रत शोधावी लागत नाही. मार्च २०२५ मध्ये त्याची ३.० ही आवृत्ती आली. ती विंडोज १० किंवा त्यापुढच्या संगणकावर चालते. संगणक जुना असेल तर २.१० ही आधीची आवृत्ती घ्या. उतरवून घेताना मात्र त्यांच्याच अधिकृत साइटवरून घ्या.

सामान काय लागेल?

कार्डाचा पुठ्ठा जाड हवा. हातकागद मिळाला तर उत्तम. हातकागदाशी आपले जुने नाते आहे. दौलताबाद आणि खुलताबादच्या मध्ये कागजीपुरा नावाचे गाव आहे. मुहम्मद बिन तुघलकाने चौदाव्या शतकात राजधानी दौलताबादला हलवली, त्या काळापासून तिथे कागद बनवणारे 'कागजी' राहत आल्याचे सांगतात. जुन्नरचा कागदही एके काळी नावाजलेला होता. आज पुण्यात शिवाजीनगरला १९४० मध्ये सुरू झालेली हातकागद संस्था आहे. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटपासून पायधुनीकडे जाणाऱ्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर लग्नपत्रिका आणि कागदाची दुकाने रांगेने आहेत. हार्बर लाइनने मशीद स्टेशनला उतरलात की चालत जाता येते.

हातकागद घरच्या प्रिंटरमध्ये घालू नका. तो जाड आणि खडबडीत असतो, अडकतो, शाईही पसरते. म्हणून आपली पद्धत अशी: फोटो वेगळा छापून घ्यायचा आणि कार्डावर चिकटवायचा.

आता हिशेब. फोटो लॅबमधली नेहमीची प्रिंट ४×६ इंचांची असते. तिचे बरोबर मधून दोन तुकडे केले की ३×४ इंचांचे दोन फोटो होतात. तसेच ए-४ आकाराच्या एका पुठ्ठ्याचे मधून दोन तुकडे केले आणि प्रत्येकाची घडी घातली की पोस्टकार्डाएवढी दोन कार्डे होतात. म्हणजे २० कार्डांना १० पुठ्ठे आणि १० प्रिंट. याशिवाय २० पाकिटे, स्टीलची पट्टी, कटर, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आणि चांगले पेन. झाले सामान.

फोटो कसा काढावा, कसा निवडावा?

महागड्या कॅमेऱ्याची गरज नाही. ३×४ इंचांची चांगली छपाई व्हायला इंचाला ३०० पिक्सेल लागतात, म्हणजे ९००×१२०० पिक्सेल. हे जेमतेम ११ लाख पिक्सेल झाले. साध्या १२ मेगापिक्सेलच्या फोनमध्ये एक कोटी वीस लाख असतात. तेव्हा फोन कोणताही चालेल, प्रकाश मात्र बघा. रात्री ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत चेहरे हिरवट-पिवळे येतात. असरच्या सुमारास गॅलरीजवळ किंवा खिडकीसमोर बसा, खिडकी फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे असू द्या, फ्लॅश बंद ठेवा. मुलांचा फोटो काढताना उभे राहून वरून काढू नका, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला बसा. डोक्यावर थोडी मोकळी भिंत किंवा आकाश राहू द्या, तिथे मजकूर बसतो.

परदेशातल्या भावाचा फोटो व्हॉट्सअॅपवर मागवला तर तो लहान होऊन येतो. त्याची लांब बाजू बहुधा १६०० पिक्सेलच्या आसपास असते. आपल्या कार्डाला तेवढा पुरतो. पण त्या फोटोतला एका कोपऱ्यातला माणूस तेवढा कापून घ्यायचा असेल तर पुरणार नाही. मग त्याला फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे मूळ आकारात येईल. फक्त लक्षात असू द्या, अशा मूळ फाइलमध्ये फोटो कुठे काढला त्या जागेची नोंदही असू शकते. म्हणून ती घरातल्या घरातच राहू द्या.

जुना फोटोही चालेल. १९९५ पर्यंत मुंबईहून हजचे प्रवासी जहाजाने जात. त्या काळचा आजोबांचा एखादा फोटो घरात असेल तर तो स्कॅनरवर ६०० डीपीआयला स्कॅन करा. पासपोर्ट आकाराचा छोटा फोटोसुद्धा तेवढ्यात सुमारे ८२५×१०६० पिक्सेलचा होतो, म्हणजे आपल्या मापाच्या जवळपास.

काही घरांत माणसांचे फोटो लावत नाहीत. उलमांमध्येही याबाबत एकमत नाही. ज्याने त्याने आपल्या घरचा रिवाज पाळावा. कार्डाला चेहराच हवा असे काही नाही. गावच्या मशिदीचा मिनार, आजोळच्या घराची पडवी, शीरखुर्म्याची वाटी, मेंदी लावलेला लहान हात, यातले काहीही छान दिसते. सगळ्यात सुंदर कल्पना म्हणजे दादीचे अक्षर. तिच्याकडून पांढऱ्या कागदावर काळ्या पेनने 'ईद मुबारक' लिहून घ्या, मग ते मराठीत असो की उर्दूत. ते स्कॅन करून कार्डावर कसे आणायचे, तेही पुढे सांगतो.

गिंपमध्ये काम: एकेक पायरी

गिंपचा पडदा पहिल्यांदा बघून घाबरायला होतं. चिन्हे खूप आहेत. आपल्याला त्यातली सहा-सातच लागणार आहेत.

पहिले काम, फोटो कापणे. फोटो उघडा आणि डावीकडून 'क्रॉप' हे हत्यार घ्या. खाली त्याचे पर्याय दिसतात. तिथे 'फिक्स्ड'वर खूण करा, 'अॅस्पेक्ट रेशो' निवडा आणि ३:४ असे भरा. आता फोटोवर चौकट ओढली की ती कार्डाच्या मापातच राहील. चौकट सरकवून बरोबर जागी आली की एंटर दाबा. मग 'इमेज' मेनूतून 'स्केल इमेज'मध्ये जाऊन रुंदी ९०० आणि उंची १२०० करा.

दुसरे काम, रंग. 'कलर्स' मेनूत 'ऑटो'खाली 'व्हाइट बॅलन्स' आहे. त्याने पिवळेपणा बराच जातो. कधी कधी मात्र चेहरे निळे पडतात. तसे झाले तर कंट्रोल आणि झेड दाबून मागे या आणि 'कलर टेंपरेचर'ने हळूहळू बदल करा. उजेड वाढवायला 'कर्व्हज' उघडा आणि तिरप्या रेषेचा मधला भाग किंचित वर उचला. किंचितच. चेहरा गोरा करण्याच्या नादात रेषा फार वर नेली की डोळे-नाक पुसट होतात. माणूस आहे तसाच छान दिसतो.

तिसरे काम, साफसफाई. भिंतीवरचा स्विच, लोंबणारी वायर, मागे वाळत घातलेला टॉवेल काढायचा तर 'हील' हे हत्यार घ्या. कंट्रोल दाबून धरा आणि जवळच्या स्वच्छ भिंतीवर एकदा क्लिक करा. मग कंट्रोल सोडून डागावर ब्रश फिरवा. स्वच्छ भिंतीचा पोत त्या जागी बसतो.

इथे एक सूचना. सहा जणांच्या फोटोत सौदीतल्या सातव्याला कापून उभे करायचा मोह बऱ्याच जणांना होतो. ते बहुधा जमत नाही. त्याच्यावरचा उजेड वेगळ्या बाजूचा असतो, डोके मोठे-लहान होते, आणि बघणाऱ्याला ते लगेच खटकते. त्यापेक्षा त्याचा फोटो कोपऱ्यात गोल चौकटीत लावा. 'फाइल'मधून 'ओपन अॅज लेयर्स' करून त्याचा फोटो आणा. आला की तो मूळ फोटोवर दुसऱ्या थरासारखा, म्हणजे लेयरसारखा बसतो. 'स्केल' हत्याराने त्याला लहान करा, 'इलिप्स सिलेक्ट'ने चेहऱ्याभोवती गोल काढा. मग उजवीकडच्या यादीत त्या लेयरवर उजवे क्लिक करून 'अॅड लेयर मास्क' आणि त्यात 'सिलेक्शन' निवडा. गोलाच्या बाहेरचे सगळे झाकले जाईल. दूर असलेला माणूस दूर आहे हे कार्डावर दिसू द्यावे. त्यातही एक माया आहे.

दादीचे अक्षरही याच पद्धतीने लेयर म्हणून आणा. स्कॅन केलेला कागद करडा दिसतो. तो लेयर निवडून 'कलर्स'मधले 'लेव्हल्स' उघडा. आलेखाखालचा उजवा त्रिकोण डावीकडे सरकवा म्हणजे कागद पांढराशुभ्र होईल. डावा त्रिकोण थोडा उजवीकडे घ्या म्हणजे शाई काळी होईल. मग लेयरच्या यादीवर 'मोड' लिहिले आहे तिथे 'मल्टिप्लाय' निवडा. पांढरा कागद नाहीसा होतो आणि फोटोवर फक्त तिचे अक्षर उरते. पहिल्यांदा करणाऱ्या मुलांना हे बघून फार गंमत वाटते.

मजकूर: मराठी तुटू नये, उर्दू उलटू नये

मजकुरासाठी 'टेक्स्ट' हत्यार आहे. पण टाइप करण्याआधी फाँट बघा. जुन्या डीटीपीच्या फाँटमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर इथे चिकटवला तर नुसती इंग्रजी चिन्हे येतील. युनिकोड फाँटच हवा. 'मुक्त', 'बालू', 'तिरो देवनागरी मराठी' हे चांगले आणि मोफत फाँट आहेत. उर्दूसाठी 'नोटो नस्तालीक उर्दू' घ्या. फाँट संगणकात बसवून गिंप बंद करून पुन्हा उघडा, मग तो यादीत दिसेल. संगणकावर मराठी टाइप करायची सवय नसेल तर फोनवर टाइप करून मजकूर स्वतःला ई-मेल करा आणि तिथून उचलून चिकटवा.

काही जण फोटोशॉप वापरतात. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत किंवा चुकीच्या सेटिंगमध्ये मराठी जोडाक्षरे फुटतात आणि उर्दूची अक्षरे सुटी होऊन उलट्या क्रमाने बसतात. त्यासाठी 'वर्ल्ड-रेडी लेआउट' हा पर्याय चालू करावा लागतो. कोणतेही सॉफ्टवेअर असो, आधी दोन शब्द टाइप करून पाहा: 'हार्दिक' आणि 'साऱ्यांना'. 'हार्दिक'मधली वेलांटी 'द'च्या आधी आणि रफार वर आला, 'साऱ्यांना'मधला 'र' नीट जुळला, तर मराठी ठीक आहे. उर्दू मात्र वाचता येणाऱ्या माणसाला दाखवूनच छापा. वीस कार्डे छापून झाल्यावर खालाने फोन करून नुक्ता चुकल्याचे सांगण्यात काय अर्थ?

आपल्या मापात एक सेंटिमीटर म्हणजे साधारण ११८ पिक्सेल. 'ईद मुबारक' ११० ते १३० पिक्सेलचे ठेवले तर हातभर अंतरावरून आरामात वाचता येते. फोटोत मोकळी जागा नसेल तर तळाला २०० पिक्सेल उंचीची एकरंगी पट्टी काढून त्यावर लिहा. कडेपासून सगळीकडे निदान ६० पिक्सेल, म्हणजे पाच मिलिमीटर, मोकळे सोडा. लॅबमध्ये छापताना कडा थोड्या कापल्या जातात.

मजकुरात काय लिहावे? दोन गोष्टी सुचवतो. एक, तारीख छापू नका. ईद चाँदवर ठरते. हिजरी साल लिहिले तर पुरे. दुसरी, कार्डावर आयत किंवा अल्लाहचे नाव छापण्याआधी विचार करा. कार्ड कधी ना कधी रद्दीत जाऊ शकते, लहान मुलांच्या हातात किंवा पायाखाली येऊ शकते, आणि मग बेअदबी होते. साध्या मराठीत 'आपले रोजे, आपली इबादत कबूल होवो' असे लिहिले तरी दुआ पोहोचते. सोसायटीतल्या शेजाऱ्यांसाठी तर हे वाक्य जास्तच चांगले, त्यांना ते समजते.

छपाईला देताना

आता दोन फोटो एका प्रिंटवर आणायचे. आधी केलेले काम गिंपच्या स्वतःच्या एक्ससीएफ प्रकारात जतन करा, म्हणजे पुढच्या ईदला बदल करून वापरता येईल. मग त्याची जेपीजी प्रत काढा. 'फाइल'मधून 'न्यू' घेऊन १८०० रुंद आणि १२०० उंच पान उघडा, त्याचे रिझोल्यूशन ३०० ठेवा. 'इमेज'मधल्या 'गाइड्स'मधून ५० टक्क्यांवर एक उभी रेघ घ्या. 'ओपन अॅज लेयर्स'ने जेपीजी आणा आणि रेघेच्या डावीकडे बसवा. त्या लेयरची दुसरी प्रत करून ती उजवीकडे सरकवा. झाले, एका पानावर दोन कार्डे.

'एक्स्पोर्ट अॅज' करताना दर्जा ९५ ठेवा आणि 'एक्झिफ' माहितीपुढची खूण काढून टाका. फोटोची जागा, वेळ, फोनचा प्रकार या नोंदी त्यामुळे पुढे जात नाहीत.

फाइल पेन ड्राइव्हवर न्या आणि त्यात फक्त तीच एक फाइल असू द्या. दुकानाच्या नंबरवर व्हॉट्सअॅप करणे सोपे वाटते, पण मग फोटो तिथल्या फोनमध्ये राहतो. छापून झाल्यावर संगणकावरची प्रत पुसायला सांगा. यात संकोच कसला? चांगला दुकानदार हसून पुसून टाकतो.

आधी एकच प्रिंट काढून बघा. पडद्यावरचा झगझगीत हिरवा कागदावर तसाच येत नाही, तो मळकट पडतो. ईदच्या कार्डात आपण हिरवा हमखास वापरतो, म्हणून हे आठवणीत ठेवा. थोडा गडद हिरवा निवडला तर फसगत होत नाही.

कापणे, घडी आणि चिकटवणे

पुठ्ठ्याची घडी थेट हाताने घातली तर कड फाटल्यासारखी दिसते. स्टीलची पट्टी ठेवून शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबून घ्या, मग घडी घाला. कटर मोठ्यांनीच चालवावा. मुलांना घडी, चिकटवणे आणि लिहिणे ही कामे द्या.

कार्ड मराठी असेल तर घडी डावीकडे ठेवा, पुस्तकासारखी. आतला मजकूर सगळा उर्दूत असेल तर घडी उजवीकडे घ्या, म्हणजे कार्ड उर्दू किताबासारखे उघडेल. छोटी गोष्ट आहे, पण नानीच्या लगेच लक्षात येईल.

कार्डाची दर्शनी बाजू सुमारे १०५×१४८ मिलिमीटरची आणि फोटो ७६×१०२ मिलिमीटरचा असतो. वरून आणि दोन्ही बाजूंनी १५ मिलिमीटर सोडून फोटो लावा. खाली तीनएक सेंटिमीटर जागा उरते, तिथे मुलांना नक्षी किंवा चंद्र काढू द्या. पातळ पांढरा गोंद वापरू नका, ओलीने कागद लाटेसारखा होतो. टेपच बरी.

आतली बाजू कोरी ठेवली आहे ती मुद्दाम. तिथे काही छापू नका. घरातल्या प्रत्येकाने एक-एक ओळ हाताने लिहावी. लिहिता न येणाऱ्या धाकट्याने बोटाचा ठसा उमटवला तरी चालेल. सॉफ्टवेअरचे काम बाहेरच्या बाजूला संपते, आतली बाजू माणसांची.

टपालात टाकताना

ही छोटी घडी निवडण्यामागे आणखी एक कारण आहे. टपाल खात्याचा साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा. २५० ग्रॅम वजनाच्या कागदाचा ए-४ पुठ्ठा सुमारे साडेपंधरा ग्रॅम भरतो. अख्ख्या पुठ्ठ्याचे मोठे कार्ड केले तर फोटो आणि पाकीट धरून ते २० ग्रॅमच्या पुढे जाते आणि जादा तिकीट लागते. अर्ध्या पुठ्ठ्याचे आपले कार्ड पाकिटासकट १५ ग्रॅमच्या आसपास बसते. तरी एक पाकीट पोस्टात वजन करून घ्या. तिकीट कमी पडले तर जादा पैसे घेणाऱ्याला भरावे लागतात आणि ईदच्या दिवशी ते बरे दिसत नाही.

२०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट वेगळे राहिलेले नाही, ते स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे. त्यामुळे पोहोच हवी असेल तर स्पीड पोस्ट करा, नाहीतर साधे टपाल चालते. आखाती देशांत टपाल बहुधा पोस्ट बॉक्सवर येते. तिकडच्या माणसाला त्याच्या कंपनीचा पोस्ट बॉक्स क्रमांक आधी विचारून घ्या. गावच्या पत्त्यावर मुक्काम, तालुका आणि पिनकोड नीट लिहा.

रमजानमध्ये वेळ कसा काढायचा?

रोजे, तरावीह, इफ्तारची तयारी आणि त्यात हे काम कधी करणार, असा प्रश्न येईलच. आमचा सल्ला असा. पहिल्या अशऱ्यात फोटो काढा आणि पत्ते गोळा करा. दुसऱ्या अशऱ्यात एका सुट्टीच्या दिवशी संगणकावरचे काम आणि छपाई उरका. परदेशातली कार्डे लगेच पाठवा, गावची विसाव्या रोज्याच्या आत. शेवटचा अशरा इबादतीसाठी मोकळा राहील. शेजाऱ्यांची कार्डे ईदच्या दिवशी शीरखुर्म्याच्या डब्याबरोबर मुलांच्या हाती द्या.

वीस नाही जमली तर पाच करा. त्या पाचांत पहिले कार्ड अशा माणसाला पाठवा, ज्याच्या हातात स्मार्टफोन नाही किंवा असला तरी त्यातले दिसत नाही. गावातली आजी, एकटे राहणारे चाचा, जुने उस्ताद. व्हॉट्सअॅपच्या पावसाचा एक थेंबही या लोकांपर्यंत पोहोचत नाही. पोस्टमन मात्र आजही त्यांच्या दारात जातो.